पाळण्याआधी पासपोर्ट

...आणि वर मलाच म्हणत्यात, "एवढा शिकलास, परदेशात गेलास, आणि एका वीतभर पोराचा पासपोर्ट काढायला तुला अडीच महिने लागले?" अहो, मला न्हाय लागले, माझ्या आक्कानं लावले! तुम्हाला सांगतो, मी मस्कतला, पोरगं झालं मस्कतला, आणि आप्पा इकडं निपाणीत अंथरुणाला खिळलेले. डॉक्टरनी हात टेकलेत, फार तर दोन-तीन महिने म्हणालेत, आणि म्हाताऱ्याची इच्छा एकच, नातू एकदा मांडीवर घ्यायचा. एकदाच! त्यात काय अवघड हाय? पासपोर्ट काढायचा, विमानात बसायचं, मांडीवर ठेवायचं. म्हणून गेलो की ऑफिसात, तर काउंटरवरची बाई विचारती, "बेबी का नाम?" म्हटलं, अजून न्हाय. "नहीं है मतलब?" आता तिला कुठं सांगत बसू, आमच्यात नाव आत्या ठेवती, बारशाला, पाळण्यात वाकून, आधी बाळाच्या कानात आणि मग जगात!

लावला आक्काला फोन. आक्का म्हणजे ब्राह्मी, माझी थोरली बहीण, चिक्कोडीला दिलेली. म्हटलं, "आक्का, नाव तेवढं सांग, जन्मदाखल्यावर घालायचंय." "फोनवर?" असा आवाज काढला की मला वाटलं मी शिवीच दिली. "पाळण्याशिवाय नाव न्हाय. पोराला घेऊन ये, मग ऐक."

म्हणजे बघा, नावाशिवाय पासपोर्ट न्हाय, पासपोर्टशिवाय विमान न्हाय, विमानाशिवाय पाळणा न्हाय, आणि पाळण्याशिवाय नाव न्हाय! बसा फिरत घाण्याच्या बैलागत!

म्हटलं, "मग मीच घालतो काहीतरी." "घाल की! खाली असंबी लिही, आत्या मेली." फोन कट. मग आप्पांना लावला. त्यांना दोन शब्दाला धाप लागती, तरी म्हणाले, "मान हाय रं तिचा... घेऊ दे." आता मरायला टेकलेला माणूसच मान राखाय लागलाय म्हटल्यावर मी कोण बोलणार?

बरं, तोवर फोनवर तरी नातू दाखवावा! लावला व्हिडिओ कॉल. दिव्यानं, म्हणजे आमच्या मंडळींनी, पोराला पावडर लावून, टोपडं घालून धरलं. आप्पा डोळे बारीक करून बघत्यात, बघत्यात, आणि म्हणत्यात, "लई अशक्त हाय रं पोर. गालफडं बसल्यात. दात न्हाईत, केस न्हाईत..." अहो आप्पा, ते तुम्ही! कोपऱ्यातल्या चौकटीत तुम्हीच दिसताय! नातू मोठ्या चौकटीत हाय! "व्हय? मग कोपऱ्यातलं हे म्हातारं कोण?" हसावं का रडावं सांगा! दिव्या हसली. मीबी हसलो. लई हसलो तवा.

आणि आक्काचा रोज फोन! "आप्पा दाराकडं बघत पडत्यात, तुला काय त्याचं?" अगं बाई, नाव सांग की मग! "पाळण्याशिवाय न्हाय." झालं! नावाशिवाय पासपोर्ट न्हाय, पासपोर्टशिवाय विमान न्हाय, विमानाशिवाय पाळणा न्हाय...

शेवटी आप्पांना दवाखान्यात हलवल्याचं कळलं, आणि मी डोळे मिटून लिहिलं, सन्मती. लिहिलं एकदाचं! दाखला झाला. गेलो पासपोर्टला, तर फोटो परत. का? गालावर काळा डाग. डाग कसला, तीट ती! दिव्यानं नजर लागू नये म्हणून काजळाचं बोट लावलेलं. पुसून पुन्हा फोटो काढला, त्यात आठवडा गेला. मला वाटतं, नजर तिथंच लागली.

बुधवारी सकाळी आप्पा गेले. गुरुवारी पासपोर्ट आला. नवाकोरा, पाच वर्षांची मुदत! काय करायचीत हो पाच वर्षं? मला एक दिवस पाहिजे हुता.

पोचलो तवा सगळं उरकलेलं. दारात पाहुणे बसलेले, आणि "कशामुळं उशीर झाला" म्हणून पासपोर्ट बघायला मागितला एकानं. मग तो फिरला की सगळ्या बैठकीत, पानाच्या ताटागत! कोण शिक्का बघतंय, कोण वजन बघतंय. चुलतमामा चष्मा वर करून म्हणाले, "फोटो मात्र झकास आलाय." म्हटलं, व्हय मामा, तीट पुसली न्हवं!

सुतक फिटलं आणि आक्कानं पाळणा मांडला. पदर सावरून वाकली, पोराच्या कानात कुजबुजली, आणि वर बघून म्हणाली, "जिनपाल." आप्पांचं नाव! आमच्यात जित्या माणसाचं नाव पोराला ठेवत न्हाईत, गेल्यावर ठेवत्यात, म्हंजी माणूस घरात परत आला. बायका डोळे पुसाय लागल्या. मी आक्काला बाजूला घेतलं. "हे आत्ताचं. मग अडीच महिने लपवलेलं नाव कुठलं हुतं?"

"ठरलंच कुठं हुतं?"

माझं टाळकंच फिरलं! "तुझ्यापायी आप्पांना नातू दिसला न्हाय, आक्का!"

तर ती शांतपणे पाळण्याची दोरी ओढत म्हणाली, "नातवाचा पासपोर्ट न्हवता, कबूल. आप्पा चार वर्षं दुखण्यात हुते. तुझा हुता न्हवं रं पासपोर्ट?"

माझा पासपोर्ट कपाटात हुता. चार वर्षं. सुट्टी शिल्लक हुती. आप्पांना मांडीवर नातूच पाहिजे हुता असं मीच धरून चाललो. ते म्हणायचे "येतोस काय?" आणि मी आधी म्हणायचो "पुढच्या वर्षी", मग "पोराचे कागद होऊ देत."

जाता जाता आक्का म्हणाली, "तेवढं पासपोर्टवरचं नाव बदलून घे, पाळण्यातलं घाल." हरकत न्हाय! आता तेवढंच राहिलंय! काल फॉर्म भरला. त्यात एक रकाना हाय, 'नाव बदलण्याचे कारण', आणि जागा दिलीया एका ओळीची. अर्धा तास पेन धरून बसलो, आणि लिहिलं:

"जागा रिकामी झाली."