उजव्या हाताची केस

—नाही हो, कळवून यायला काय पाहिजे, प्रेमाच्या कॉलेजच्या मॅडम म्हणजे आमच्याच. खाटेवर बसा, तिथे वारा लागतो. प्रेमा यायचीय अजून, स्टेशनावरून भाजी घेऊन येते ती — नि मी ही सुंगटं पुढ्यात घेऊन बसले होते, तुम्ही कोलंबी म्हणता ती. खाता ना? नाही? मग तोंड जरा खिडकीकडे करा, वास येईल. उचलून ठेवता पण येत नाहीत, कोळणीशी एवढी हुज्जत घालून घेतलीत. सोलतं कोण? मी नाही हो. मी कशी सोलीन ह्या हाताने? शेजारची जया सोलते, मी नुसती मांजर तोंड घालू नये म्हणून राखण करते. जया नळावर गेलीय. येईल.

हात ना — हा बघा, हा उजवा. मोरीत पाय घसरला, हात टेकायला गेले नि मनगटच मोडलं. प्लास्टर होतं तेव्हा झकास होतं, कोणी काम सांगत नव्हतं. प्लास्टर काढलं तर बोटं अशी, सुक्या बोंबलासारखी, वाकायला तयार नाहीत. डॉक्टर म्हणाला व्यायाम करा. सूनबाई म्हणाली, आई, नुसता व्यायाम नाही, आपण काम करायचं, जे काम अडलंय तेच करत करत हात बरा करायचा, आणि परीक्षेला केस म्हणून मी तुमचाच हात घेते. तिची ती विद्या — ऑक्युपेशनल थेरपी — बघा, आलं की नाही बोलता? लग्नात नाव घ्यायला अडले नव्हते एवढी ह्या नावाला अडले, मोरीत उभी राहून पाठ केलं. कारण चाळीत विचारतात ना. ती विमला विचारते, सुगंधाबाई, सून नर्स होणार का? मी म्हटलं, नर्स नव्हे. मग मालिशवाली? म्हटलं, तोंड सांभाळ. नर्स तुमचं सगळं करते, ही तुमचं काहीच करत नाही, तुमच्याकडूनच करून घेते. तर विमला म्हणते, त्याला कॉलेज कशाला गो, आमची सासू न शिकता करायची ते.

तुम्ही हसताय, पण खरंच तसं आहे. कपड्याचे चिमटे दोरीला लावा नि काढा, कणीक मळा, पोलक्याचे हूक आपले आपण लावा. आणि मदत कोणी करायची नाही, हा तर हिचा कायदाच. एकदा चहाचा कप हातातून कलंडायला लागला तर जयवंत उठला — माझा मुलगा हो, जन्मात कधी आईच्या मदतीला उठला नाही तो — नि हिने त्याला खाली बसवला. म्हणे, त्यांचं त्यांना करू दे. गेली ती संधी, परत काय उठतोय तो. पण फरक नाही हो, मॅडम. एवढं करून तसूभर फरक नाही. पोरगी मेहनती आहे, तिचा दोष नाही, हातच मेला हट्टी आहे, आमच्या मालवणचा. तसं घाला तुमच्या मार्कांत.

रोज करते, अहो, रोज. कॉलेजातून येते, हातपाय धुते, गरम पाण्यात माझा हात बुडवते, मग मांडीवर टॉवेल घालून त्यावर हात घेते नि एकेक बोट धरून वाकवते. तेव्हा बोलत असते — आज कोणाच्या हाताला लाकडी पट्टी बांधली, कोणता म्हातारा पेशंट तिच्यावर खेकसला, तुम्ही वर्गात काय बोललात — तुमची नक्कल करते हो, छान करते, राग मानू नका. मी गप बसून ऐकते. खरं सांगू? माझा हात असा कोणी धरलाच नव्हता. लग्नात भटजीने धरायला लावला तेवढाच. पुढे ह्यांनी गिरणी धरली ती संप होईपर्यंत सोडली नाही, नि संपानंतर हेच गेले. मुलगा बोट धरायचा तो चालायला लागेपर्यंत. आणि ही कोण कुठली सातारकडची पोर, माझी करंगळी धरून विचारते, आई, दुखलं का? मी म्हणते, दुखलं. न दुखता पण म्हणते.

म्हणजे — दुखतं कधी कधी. तसं नाही. बोरीवलीचं बोललीय का तुमच्याशी? जयवंताची कंपनी कांदिवलीला, घाटकोपरवरून दोन गाड्या बदलून वाट लागते त्याची, म्हणून बोरीवलीला ब्लॉक घेतलाय. मला म्हणतात चल. मी कशी जाऊ? ही खोली ह्यांच्या नावाची, दाराला कुलूप दिसलं की मालक टपलेलाच आहे. मग असं ठरलं की आईचा हात चालायला लागला, तिची ती भाकरी थापायला लागली, की दोघांनी जायचं. तोवर नाही. प्रेमाच म्हणाली, आईला अशी टाकून जाणार नाही. आता हात काय, हाताच्या मर्जीने चालणार. त्याला कसली घाई पडलीय?

आणि गेली तर खाणार काय तिथे ती? माशाला हात लावायला शिकली, पण सुंगटं अजून धड सोलता येत नाहीत, कवचाबरोबर अर्धं मांस टाकून देते. मी सांगते तिला, तोंडाने, बसल्या बसल्या — पहिलं डोकं मोडायचं, मग पायाकडून कवच सोडवायचं, आणि हा पाठीतला काळा दोरा, ह्याला नखाने उचलून चिमटीत धरायचा, जोर नाही लावायचा, तुटला की संपलं — हळूच — असा ओढायचा — असा — आला बघा अख्खा.

काय झालं? अशा काय बघताय?

अगो बाय. हा उजवा.

आत्ताच झालं बहुतेक हे. तुमचा पायगुण. हसू नका हो, मॅडम, हसू नका. बरं, सोलते मी. रोज सोलते. भाकरी पण थापते, चिमटे लावते, हूक लावते, गणपतीच्या आधीपासून सगळं येतंय. ती यायची वेळ झाली की हात पदराखाली घेते, नि जयाला सांगून ठेवलंय, कोणी विचारलं तर तूच सोलतेस. पण तुम्ही सांगू नका तिला. तुमच्याकडे एवढे हात येतात बरे व्हायला, त्यात एक नाही झाला तर काय बिघडतंय?

काय म्हणालात? परत सांगा.

कॉलेज सोडते म्हणाली? आमची प्रेमा? परीक्षेच्या तोंडावर? की घरातला एक हात सुधरवता येत नाही, माझ्या हाताला गुणच नाही, परक्या माणसाचा हात मी कुठल्या तोंडाने धरू — असं बोलली? तुमच्यासमोर रडली? आणि म्हणून तुम्ही आलात इतक्या लांब, माझा हात बघायला. नि मी तुम्हाला मांजराची राखण सांगत बसले.

इथे कधी रडली नाही हो ती. इथे रोज म्हणते, होईल आई, उद्या बघू. नि मी बोटं ताठ करून बसते. मला काय वाटलं, जरा दिवस ढकलावेत, पोरीचं काय जातंय त्यात. एवढंच वाटलं बघा. लाज वाटते मला आता. गिरणी सुटली तेव्हा ह्यांनी हातावर हात ठेवून दिवस काढले ते मी बघितलेत. शिकलेलं काम हातातून गेलं की माणसाचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको, आणि मीच तेच करत होते तिचं.

नाही, तुम्ही नका सांगू. तुमच्या तोंडून कळलं तर वेगळं होईल, मीच सांगते. जाऊ दे बोरीवलीला. बोरीवली काय विलायत नाही, रविवारी येतील, मी जाईन. फक्त संध्याकाळी दिवा लावायच्या वेळी ही एवढीशी खोली फार मोठी वाटते, मॅडम, तेवढं सोडलं तर काय नाही.

थांबा, जिन्यावर तीच आहे.

ये गो. मॅडम आल्यात तुझ्या. घाबरू नको, काही झालेलं नाही. पिशवी खाली ठेव. आधी ठेव म्हणते ना. बस इथे, माझ्यासमोर, आणि हात दे तुझा. नाही, तू नको धरूस — आज मी धरते. कोणता हात आहे बघ माझा. बघितलास? आता दाबते मी. दुखतंय? नीट सांग, दुखतंय की नाही? दुखतंय ना — हा जोर तूच आणलास, मग परीक्षेला बसायचं. नंतर विचार काय विचारायचं ते, शिव्या घाल, बोरीवलीला जा, पण आधी परीक्षा. रडू नको, वेडे. आणि सोडवून घेऊ नकोस एवढ्यात.

मॅडम, तुम्ही या आता.