पहिल्या लग्नातले चौदा फोटो

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आदरणीय विजयकुमारजी, व्यासपीठावरचे सन्माननीय पाहुणे, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो आहोत ते आमचे सर पुरुषोत्तमराव, त्यांच्या शेजारी बसलेल्या त्यांच्या पत्नी कामाक्षीकाकू, आणि संध्याकाळची रहदारी ओलांडून नुंगंबाक्कमच्या या सभागृहापर्यंत आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

सरांचा फोटो स्टुडिओ अडतीस वर्षांनी बंद होतो आहे. त्यांच्या फोटोंबद्दल माझ्याआधीचे वक्ते पुष्कळ बोलले. मी, सुष्मिता, गेली नऊ वर्षं त्यांची सहायक, आज एका अशा लग्नाबद्दल बोलणार आहे, ज्यात सरांनी ऐन वेळी कॅमेरा खाली ठेवला. ते माझं पहिलं लग्न. म्हणजे, कामाचं पहिलं! हसू नका, माझे सासरे समोरच बसले आहेत.

ज्यांची ही हकीकत आहे, त्या वेंकोबाकाकांना मी काल फोन करून परवानगी घेतली. म्हणाले, "सांग गे, पण लग्न चांगलं जालं म्हणूनही सांग." तर लग्न चांगलं झालं, हे आधीच सांगते.

तेव्हा मी शोळिंगनल्लूरची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून जेमतेम दोन महिने झाले होते. घरी कोणाला ते पटलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही पुरतं पटलं नव्हतं. वेंकोबाकाकांच्या लेकीचं, रंजनीचं लग्न होतं. सकाळी सहाला सरांनी माझ्या हातात लांब लेन्सचा कॅमेरा दिला आणि म्हणाले, "सगळे नवरानवरीकडे पाहतील. तूं नवरीच्या बापाकडे पाहा. दुसरं काही करूं नक्को."

मी दुसरं केलंच. वरपूजेच्या वेळी नवरीच्या आईला म्हटलं, "मामी, जरा बाजूला व्हाल का?" तर नवरीचे काका सेतुमाधव सगळ्यांदेखत ओरडले, "फोटोवाल्यांनी मध्ये पडायचं नाही!" माझे कान तापले. त्यानंतर दोन तास मी तोंड उघडलं नाही.

कन्यादानाची तयारी सुरू झाली. वेंकोबाकाका पाटावर बसले. मी स्टेजच्या कडेला खाली उभी राहून त्यांचा चेहरा लेन्समध्ये पकडला. डोळे पाणावलेले, ओठ घट्ट मिटलेले. लेकीला निरोप देणारा बाप! मी फोटो काढला. आणखी एक काढला. काय फोटो मिळतायत, म्हणून मला आनंद होत होता. हो, आनंद!

मग दिसलं, की त्यांच्या वरच्या ओठावर घाम आहे. हॉलमधला एसी इतका गार होता, की पहिल्या रांगेतल्या बायकांनी शाली घेतल्या होत्या. काकांचा उजवा हात डावा दंड चोळत होता. ओठांचा रंग राखेसारखा झाला होता. आणि आजूबाजूला वीस माणसं! कोणी फुलं मोजतंय, कोणी नारळ शोधतंय. त्यांच्याकडे बघणारी त्या अख्ख्या हॉलमध्ये मी एकटी होते.

मी काय केलं असेल? मी फोटो काढत राहिले. बोट दाबत राहिलं, की काही ठरवावं लागत नाही. माझा समज चुकीचा निघाला तर? दोन घराण्यांचा मुहूर्त एका शिकाऊ मुलीने थांबवला, असं होईल. आणि समज बरोबर निघाला तर? त्या विचारासरशी तर मी पुन्हा बोट दाबलं.

शेवटी वाकून स्टेजवर गेले. हळूच विचारलं, "काका, बरं वाटत नाही का?"

त्यांनी माझं मनगट धरलं. हात बर्फासारखा गार आणि ओला होता.

"कोणासी सांगूं नक्को, अम्मा. कन्यादान होवूं दे."

ते विनवत होते. वडिलांच्या वयाचा माणूस माझी विनवणी करत होता, आणि मी मान डोलावली. तीन पायऱ्या खाली उतरलेसुद्धा. मनगटावर त्यांचा घाम तसाच होता. मग वळले, सर उभे होते तिथे गेले आणि त्यांची बाही ओढली.

"आत्ता नाही," डोळा कॅमेऱ्यातून न काढता सर म्हणाले.

"सर, ते मरतील."

सरांनी कॅमेरा उतरवला. वेंकोबाकाकांकडे एकदाच पाहिलं. कॅमेरा जमिनीवर ठेवला आणि भटजींच्या समोरचा माईक उचलून मेळम, म्हणजे वाजंत्री, थांबवायला सांगितलं. "डॉक्टर यारावदु इरुक्कांगळा?" कोणी डॉक्टर आहे का?

सेतुमाधव धावत आले. "पुरुषोत्तम, मुहूर्त जाईल!"

"जाऊं दे. वेंकोबास धर आधी."

तिसऱ्या रांगेतून नवऱ्याकडच्या एक डॉक्टरबाई साडी खोचत धावल्या. काकांना आडवं केलं, गोळी चघळायला दिली. ॲम्ब्युलन्स येईपर्यंत त्यांनी काकांची नाडी सोडली नाही. रंजनी मुंडावळ्यांसकट वडिलांच्या पायाशी बसली होती. काका तिला एकच सांगत होते, उठू नकोस, लग्न लागू दे. रंजनीची आई ॲम्ब्युलन्समध्ये चढली. घरचे पुरुष विधींना हवे होते, म्हणून सर तिच्याबरोबर निघाले. जाताना मला म्हणाले, "पुढचं तूं काढ."

कन्यादान सेतुमाधवांनी केलं. मंगळसूत्र बांधताना रंजनी हुंदके देत होती आणि कॅमेऱ्यामागे मी एकटी होते. तो फोटो हललेला आला. आजही तिच्या अल्बममध्ये तोच आहे. सरांनी स्वतः रंजनीच्या घरी जाऊन सांगितलं, "सुष्मितास एकटी सोडली मी, चूक माझी." लग्नाच्या दिवशीच दुपारी अडीचला इस्पितळातून त्यांचा फोन आला होता, की हृदयाची रक्तवाहिनी मोकळी केली आहे आणि काका बोलतायत. मंडपाच्या भांडारघरात केळीच्या पानांच्या ढिगाजवळ बसून मी रडले.

आता जे सांगते, ते कामाक्षीकाकूंनाही माहीत नाही.

दुसऱ्या दिवशी सर स्टुडिओत फोटो पाहायला बसले. मंगळसूत्राच्या फोटोवर थांबले नाहीत. थांबले वेंकोबाकाकांच्या चेहऱ्याच्या चौदा फोटोंवर. प्रत्येकाखाली वेळ असते. पहिला आठ सत्तावीसचा, शेवटचा आठ तीसचा.

"सहाव्यापासून फ्रेम वाकडी आहे," सर म्हणाले. "तेथें तुला कळलं. पुढची दोन मिनिटं काय करत होतीस?"

मला खोटं बोलता आलं असतं. बोलले नाही. "भीत होते, सर."

त्यांनी सहावा फोटो पुन्हा उघडला. मग म्हणाले, "भी. मीही भ्यालों. पण कॅमेरा खाली ठेवून भी."

आणि ते चौदा फोटो त्यांनी मला पुसायला लावले. एकदम नाही, एकेक करून.

मंडळी, येत्या शुक्रवारी अंबत्तूरला एक लग्न आहे. सरांशिवाय मी करणार असलेलं पहिलं. परवापासून मला नीट झोप नाही. सर, मला फार भीती वाटते आहे. हे तुम्हाला एकट्याला गाठून सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून दोनशे माणसांसमोर सांगते आहे. तुम्ही निवृत्त व्हा, विश्रांती घ्या, पण शुक्रवारी सकाळी फोन जवळ ठेवा.

मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांची आणि मंडळाची मी ऋणी आहे. शेवटच्या रांगेपर्यंत कोणी उठलं नाही, याबद्दल तुम्हा सर्वांची विशेष. बोलताना कोणाचा मान राखायचा राहिला असेल, माझी मराठी मध्येच तमिळच्या वाटेला गेली असेल, किंवा आनंदाच्या दिवशी भीतीची गोष्ट सांगितली म्हणून कोणाचं मन खट्टू झालं असेल, तर मला सांभाळून घ्या. नमस्कार.