सगळ्यात कमी स्पीड

नव्व्याण्णव साली बायोडाटा छापून घ्यायला मी नगरला माळीवाड्यातल्या एका कॉम्प्युटरच्या दुकानात थांबलो होतो. माझ्या आधी खर्ड्याच्या सुमनबाईंचा नंबर होता. वारलेल्या नवऱ्याच्या भाषणाची कॅसेट त्यांना सीडीवर करून हवी होती.

“दादा, झालं का?”

“नाही मावशी. भाषण कॉम्प्युटरात उतरलंय, पण सीडीवर जाईना. ही तिसरी वाया गेली.”

“आता गं बया! कशानं?”

“चौपट स्पीडवर लावली, मध्येच अडकली. दुप्पट केली, तरी दोनदा तेच.”

“हे गानं वाजतंय, ते ह्याच मशिनीत का?”

“हो की! त्यानंच अडकत असणार. तुम्ही कंटाळाल म्हणून लावलं होतं.”

“मग बंद करा की.”

“केलं. पण कोरी सीडी आता एकच उरलीय. सगळ्यात कमी स्पीडवर लावतो.”

“किती येळ?”

“भाषण आहे तेवढाच. एक तास दहा मिनिटं.”

“म्हंजी ते बोलले तेवढाच येळ?”

“तेवढाच. तुमची एसटी चुकेल.”

“चुकू द्या. त्या दिशी विहारात समदा गाव त्यांच्या म्होरं बसला हुता. मी मागं चुलीपाशी. शंभर मानसांचा सैपाक.”

“नंतर घरी ऐकली असेल की कॅसेट.”

“ऐकली. हातातलं काम करता करता.”

“पण मावशी, आत्ता आवाज नाही येणार. स्क्रीनवर नुसती पट्टी सरकताना दिसेल.”

“न्हाई आला तर न्हाई. ही खुर्ची जरा म्होरं घेऊ का?”