बॅरनसाहेबांची एकच खरेदी

टेक्ला : बाबा, खरं सांगायचं हं. जन्मात एक तरी वस्तू तुम्ही स्वतः दुकानात जाऊन विकत घेतली आहे का?

बाबा : सकाळी सकाळी हे कुठून काढलंस?

टेक्ला : वर्गात पैज लागलीये. लिओनी म्हणाली, तुझ्या बॅरन बापाला विचारून दाखव. मी म्हटलं, मला आता अठरा पूर्ण झालीत, मी कोणालाही काहीही विचारेन!

बाबा : हा कोट...

आई : तुझ्या आजोबांचा.

बाबा : घड्याळ.

आई : फ्रान्झकाकांचं. आणि पाव कापतोयस तो सुरासुद्धा त्यांचाच. वारशात, जंगलाबरोबर आला.

बाबा : इमके, तू कोणाच्या बाजूनं आहेस?

आई : मी आपली कॉफी पितेय.

बाबा : पुरे आता. तळ्याचं पाणी सोडलंय, नऊला माणसं मासे धरायला जाळी घेऊन येतील. आणि टेक्ला, सोमवारी जरा बरे कपडे घाल. नोटरीकडे दहाची वेळ आहे.

टेक्ला : त्याचंच बोलायचंय.

बाबा : त्यात बोलायचं काय? आपल्या घरातली प्रत्येक मुलगी अठराची झाली की सही करते. मला वारसा नको, एवढं लिहून द्यायचं, संपलं. संध्याकाळी गळ्यात मोत्यांचा सर, सगळे नातेवाईक जेवायला. वाल्बुर्गआत्यानं केली, तिच्या आत्यानं केली.

टेक्ला : आणि वाल्बुर्गआत्या आज काय करते? तबेल्यावरच्या दोन खोल्यांत राहते आणि तीस वर्षं रोज तुमच्या माशांना दाणे टाकते. तुमच्या, बाबा! ते मोती काय माशांना दाखवायचे तिनं?

बाबा : तिची कधी तक्रार नव्हती.

टेक्ला : तुम्ही कधी विचारलंत?

बाबा : अगं, कसं समजावू तुला! सही नसली तर माझ्यामागे तू कायद्यानं हिस्सा मागू शकतेस. हिस्सा द्यायचा म्हणजे जंगल विकायचं. पाचशे वर्षं हे सगळं एकसंध राहिलं, ते एकाच्याच हाती गेलं म्हणून.

टेक्ला : राहू दे की एकसंध! तुकडे मलाही नकोत. पण तो एक म्हणजे माझा धाकटा भाऊ कुनोच का? नऊ वर्षांचं पोर, मासा उसळला की किंचाळून आईमागे लपतं. जाळं ओढते मी, चिखलात गारठते मी. कुठला बांध पाझरतोय तेही मलाच माहीत.

बाबा : म्हणूनच म्हणतोय ना! सही कर आणि सूट यातून! मीही केली होती.

टेक्ला : तुम्ही?

आई : सांग तिला. किती वर्षं मनातच ठेवणार आहेस?

बाबा : मी धाकटा. सगळं एबरहार्डदादाचं होतं. एकोणिसाव्या वर्षी सही केली आणि त्याच आठवड्यात उत्तरेला गेलो, होड्या बांधायला शिकायला. अकरा महिने! बॅरन म्हणून कोणी ओळखत नव्हतं. हातांना दिवसभर डांबराचा वास. मग दादा मोटारसायकलच्या अपघातात गेला.

टेक्ला : पण तुम्ही तर नको म्हणून लिहून दिलं होतं!

बाबा : तेच म्हणालो. वडील म्हणाले, कागद रद्द करू, आता दुसरं आहे कोण? घर आलं. पाठोपाठ फ्रान्झकाका गेले, जंगल आलं, तेही किडीनं पोखरलेलं. मग ओटिलीआजी. तिच्याकडून चर्चचं छप्पर.

टेक्ला : चर्च आपलं आहे?

बाबा : चर्च देवाचं, छप्पर आपलं. कोणा पूर्वजानं लिहून ठेवलंय, गळलं की आम्ही नीट करू. रविवारी पाद्रीबाबा मला आशीर्वाद देतात आणि हळूच वर बोट दाखवतात.

आई : मी होडीवाल्याला हो म्हटलं होतं गं. राहायला आले ती छपराखाली.

टेक्ला : थांबा, थांबा. मग सहीनं तुमची सुटका कुठे झाली? तुम्हाला नको होतं, ते गळ्यात पडलं. आणि मला हवंय, तर मी सोडून द्यायचं?

बाबा : हवंय? हे असलं सगळं कोणाला हवं असतं?

टेक्ला : मला. तळी हवीत. बरोबर छप्पर आलं तर तेही. कोणीतरी एकदा विचारायला तरी हवं होतं, बाबा. मला... आणि तुम्हालाही.

(बाहेर जाळीवाल्यांचा ट्रॅक्टर येऊन थांबतो.)

आई : आल्ब्रेख्ट, लिओनीच्या प्रश्नाचं उत्तर राहिलंय.

बाबा : होडी.

टेक्ला : काय?

बाबा : एक होडी घेतली होती मी. पहिल्या पगारातून. जुनी, बुडाशी झिरपणारी. घासून रंगवता रंगवता उन्हाळा गेला.

टेक्ला : कुठे आहे ती?

आई : विकली. दादाला पुरलं त्याच आठवड्यात. मी काठावर उभी होते. यानं मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

बाबा : पाहिलं असतं तर आलो नसतो इकडे.

टेक्ला : मग आता दोघंही ऐका. सोमवारी मी नोटरीकडे येईन, पण सही करणार नाही. मोती राहू देत डबीत. कुनो अठराचा झाला की त्याला विचारू, तुला हवंय का म्हणून. तोवर तळी मी बघणार. आजही चिखलात मीच उतरते. आणि बाबा, तुम्ही गाडी काढा आणि उत्तरेला जाऊन या.

बाबा : वेड लागलंय का तुला? उत्तरेला जाऊन काय करू?

टेक्ला : घेऊ नका काही, हवं तर. नुसती किंमत विचारून या.