ताकही फुंकून पिणाऱ्या नसा

सन्माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील मान्यवर, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या डॉक्टरबाई, आणि जेवणाच्या वासाने अर्धं लक्ष मागच्या दाराकडे लागलेल्या बंधुभगिनींनो,

जेवणाआधी आतड्यांचा विषय काढू नका, असं सूत्रसंचालकांनी मला बजावलंय. पण बाईंनी उभा जन्म लोकांच्या आतड्यांपायी वेचला, त्याला मी काय करू?

मी बसचा ड्रायव्हर. एकदा पोट बिघडलं, जुलाब झाले, औषधाने थांबले. दुखणं मात्र मुक्कामालाच राहिलं. भर रस्त्यात अशी कळ यायची, की स्टिअरिंग सोडून पोट धरावंसं वाटे. आतून दुर्बीण फिरवून झाली, रक्त तपासून झालं. रिपोर्ट स्वच्छ! बायको आनंदली आणि मी रडलो हो. दुखतंय, पण काहीच नाही, म्हणजे मी खोटाच ठरलो ना? फेरी अर्ध्यावर सोडून परतायचो, म्हणून डेपोत तर माझं नावच पडलं, ‘अर्धी फेरी’. गाडीची चावी कायमची ठेवून द्यावी, इथवर मी आलो होतो.

तेव्हा बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, “दुखतंय ना? मग खरं आहे.” अहो, हे मला घरच्यांनीसुद्धा म्हटलं नव्हतं!

मग त्यांनी समजावलं, “आतड्याला आता जखम नाही. पण तिथं नसांचं जाळं असतं, ते मेंदूला खबर देतं. त्या आजारात या नसांना चटका बसला. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, तसं त्यांचं झालंय. आतडं वायूने जरा ताणलं, तर इतरांना कळतही नाही. तुमच्या नसा लगेच बोंब ठोकतात. त्यात तुम्ही घाबरलात, की बोंब आणखी मोठी.”

औषध दिलं, पथ्य सांगितलं. फरक पडला, पण भीती जाईना. भरल्या गाडीत कळ आली तर लोक काय म्हणतील?

बाई घरी जायच्या माझ्याच बसने. एका संध्याकाळी मी दातावर दात दाबून गाडी हाकतोय, तर मागच्या सीटवरून आवाज आला, “गाडी बाजूला घ्या.”

“बाई, लोक शिव्या घालतील.”

बाई सरळ उठून उभ्याच राहिल्या. “मंडळी, ड्रायव्हरच्या पोटात कळ आली आहे. जरा थांबू या.”

धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं, असं झालं! एक गृहस्थ कुरकुरले. लगेच एक आजी कडाडल्या, “गप्प बसा हो! आपल्याला कुठं आग विझवायला जायचंय?” कुणीतरी पाण्याची बाटली पुढे केली. कळ ओसरली, गाडी निघाली. दुसऱ्या दिवशी चावी मी न भिता उचलली.

दुखणं पार गेलं का? नाही. येतं, जातं. मी ते लपवत नाही, एवढंच. पण बाई, तुम्ही गेल्यावर आमच्यासारख्यांना ‘खरं आहे’ असं कोण म्हणणार? मघापासून या विचाराने जीव तुटतोय.

मला बोलू दिलंत, संयोजकांचे आभार. काही अधिकउणं बोललो असेन तर पोटात घाला. आणि अध्यक्ष महोदय, मंडळी, माझ्या पोटात कळ आली आहे. जरा थांबू या.