थोरल्याने आधी जायचं नाही

डोळ्यांत औषध घालून मिटल्या डोळ्यांनी बसलेल्या शिंपीणबाईंना दवाखान्यातला टीव्ही ऐकू येत होता आणि शेजारच्या म्हाताऱ्या नवराबायकोचं बोलणंही.

“समेटासाठी आपले मंत्री शेजारच्या देशात जाणार नाहीत म्हणे.”

“बरोबरच आहे. एवढा मोठा आपला देश, आपण कशाला कमीपणा घ्यायचा? धाकट्याने आधी यावं, ही आपली रीत.”

“तुमचं नि भावजींचंही तेच. पडले ते मागच्या महिन्यात.”

“मला कुणी सांगितलं नाही.”

“धाकट्याने यायला हवं ना सांगायला. आता चालवत नाही त्यांना.”

शेजारून फोनची बटणं दाबल्याचा टिकटिक आवाज आला.

“फोन लाव त्याला. डोळ्यांत औषध घातलंय, मला आकडे दिसत नाहीत.”

“लावते. रडताय का?”

“औषधाचं पाणी आहे. त्यालाही तसंच सांग.”

“अहो, फोनवर त्यांना कुठे दिसतंय?”