थकल्या ताऱ्यांची फुगडी

(निलंग्यातलं अंगण. नागपंचमीच्या आदल्या दिवशीची दुपार. नीलम्मा चुलीवर ज्वारीच्या लाह्या भाजतायत. सून सुकन्या, लातूरच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवणारी, समोर उभी.)

नीलम्मा : थांब. ‘कोनीय संवेग’ म्हनलीस का परत?

सुकन्या : शब्दच तो आहे, अव्वा.

नीलम्मा : गेल्या पंचमीला बायांपुढं भाषान केलीस, तवा ह्याच शब्दाला बाया उठून गेल्या. शेवटाला मी आन् माईकवाला. त्योबी माईक न्यायचा म्हनून बसलेला.

सुकन्या : म्हणून तर आज तुमच्यापुढं बोलून बघतेय. उद्या पुन्हा उठल्या, तर शेजारच्या अंबिकाकाकू माईक घेऊन तंबोला सुरू करणार. सांगूनच गेल्यात. मग मी पुन्हा काही उभी राहणार नाही.

नीलम्मा : तोंड बारीक करू नको. साधं सांग.

सुकन्या : दोन मेलेले तारे असतात...

नीलम्मा : सनासुदीला मेलेलं कशाला? थकलेले म्हन.

सुकन्या : बरं, थकलेले. एकेक सूर्यापेक्षा जड, आणि रुंदी किती, तर लातूर ते औसा.

नीलम्मा : बस? येवढं वजन तेवढ्यात?

सुकन्या : दाबून दाबून. त्यातलं चमचाभर घेतलं तर माहूरचा डोंगर उचलल्यासारखं.

नीलम्मा : चमचा वाकंल की गं. मग करतात काय हे थकलेले?

सुकन्या : एकमेकांभोवती फिरतात. कोट्यवधी वर्षं. त्यानं आभाळ थरथरतं, त्यात त्यांचं बळ जातं. मग जवळ येतात, आणि जितके जवळ, तितके जोरात फिरतात. तो थरथराट ऐकायला औंढ्याकडं यंत्र उभारतायत.

नीलम्मा : ही तर फुगडी. अंग जवळ घेतलं की गर्रकन.

सुकन्या : अगदी तेच नाही, पण... अव्वा, हेच सांगते उद्या. हात म्हणजे गुरुत्वाकर्षण.

अंबिका : कुनाचे हात? दार उघडंच होतं म्हनून आले. नीलाक्का, ही तंबोल्याची तिकिटं. तुझ्या सुनंचं आटपलं की लगेच वाटायची.

नीलम्मा : ठेव तिथं. तारे फुगडी खेळायलेत.

अंबिका : मग? दमून बसतात?

सुकन्या : नाही काकू. एकमेकांवर आदळतात.

अंबिका : हात सुटला असंल.

सुकन्या : उलटं. सुटलाच नाही, म्हणून आदळतात. आणि त्या टकरीत सोनं तयार होतं. आपल्याकडचं बरंचसं सोनं असंच आलं असावं म्हणतात.

अंबिका : म्हंजी माझी बोरमाळ...

सुकन्या : तिच्यातही असेल.

अंबिका : सराफानं तर उदगीरचा माल म्हनून दिली. सरक गं नीलाक्का, बसू दे. पुढं सांग पोरी, किती सोनं?

सुकन्या : पृथ्वीएवढे गोळे होतील. एकदोन नाही, कितीतरी.

अंबिका : आन् मी दोन तोळ्यासाठी रुसले होते.

नीलम्मा : बघ, बसली का न्हाई ही? आता हे गानं घे, फेर धरला की म्हनायचं :
दोन थकल्या तारका, धरून हाती हात,
सोनं सांडलं गं बाई, काळ्या आभाळात.

सुकन्या : अव्वा, हे मी नाही म्हणणार. तुम्ही म्हणा. मी मधेमधे सांगेन.

अंबिका : ही तिकिटं मग?

नीलम्मा : लाह्यांचे पुडे बांध त्यात. ऊठ, हात दे. उद्या बायांना खेळून दाखवायचं.

सुकन्या : अव्वा, गुडघे.

नीलम्मा : आमीबी थकलेल्याच की. धर गं अंबिके.

अंबिका : जरा दमानं, नीलाक्का. आदळू की.

नीलम्मा : आदळू दे. हात तेवढा सोडू नको.